दाबून बघणारे साडू

आमचे थोरले जावई बसण्याआधी दाबून बघतात.

खुर्ची असो, बाक असो, दवाखान्यातलं स्टूल असो. आधी तळवा टेकवायचा, दोनदा दाबायचं, आतून कोणी उत्तर देणार असल्यासारखे कान टवकारायचे, "हं" म्हणायचं आणि पुढच्या खुर्चीकडे वळायचं. लग्न ठरायच्या आधी आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा बाहेरच्या खोलीतलं सगळं सामान दाबत दाबत ते कोपऱ्यात पेंगणाऱ्या माझ्या सासऱ्यांच्या पोटरीपर्यंत पोचले होते. (सासरे डोळे न उघडता म्हणाले, "जरा खाली." स्थळ तेव्हाच पक्कं झालं.)

जावयाला नावं ठेवायची नाहीत, असा आमच्या घरचा नियम आहे. तो मीच केलेला आहे. त्यामुळे इथे मी त्यांचं फक्त कौतुक करणार आहे. वाचताना कोणाला ठसका लागलाच, तर तो त्याने स्वतःच्या जबाबदारीवर लागू द्यावा.

मनुष्यजातीचे मुळात दोन वर्ग आहेत: दाबणारे आणि निजणारे. माझं गाद्यांचं दुकान आहे, तेव्हा हे मी हवेत बोलत नाही. माणूस गादी घेतो ती पाठीसाठी, पण परीक्षा घेतो ती हाताने. टोपी पायात घालून मापाची आहे का बघावं, तसं हे आहे. दुकानात येणाऱ्या दहांपैकी नऊ जण गादी दाबतात. दहावा नऊ जणांबरोबर आलेला असतो आणि त्याला घरी जायचं असतं. अंग टाकून बघा म्हटलं, तर लोक लाजतात. आयुष्यभर जिच्यावर घोरायचं, तिच्यावर क्षणभर आडवं व्हायला लाजतात. तरी दुकान चाललं आहे, ते या लाजेवरच. म्हणून दाबणाऱ्या वर्गाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे.

आता अडचण काय झाली ते सांगते. दुकानात गल्ल्यामागे एक गादी आहे, तिच्यावर मी बसते. बसायची ती गादी आणि मालकीची ती गादी, दोन्हींना आपल्याकडे शब्द एकच. आमच्या दुकानात वस्तूही एकच आहे. तर या गादीवर बसून बसून माझी पाठ गेली. उजवीकडून अशी कळ यायची की गिऱ्हाइकाला वाटायचं मी डोळा मारते. डॉक्टरांनी पाठ दाबून बघितली (तेही त्याच वर्गातले) आणि म्हणाले, "आजी, आता उठा तिथून."

मी दोन्ही मुलींना आणि दोन्ही जावयांना समोर बसवलं आणि जाहीर केलं, की थंडी पडायच्या आत तुमच्यापैकी एकाने ही गादी चालवायला घ्यायची. नाही ठरलं, तर दुकान शेजारच्या फोमवाल्याला देऊन मी मोकळी होणार.

हा फोमवाला फार प्रेमळ माणूस. रोज येतो. "तब्येत काय म्हणतेय?" असं विचारतो, पण विचारतो आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीकडे बघून. खिशात मोजपट्टी असते. भिंत पडली की त्याचं दुकान दुप्पट, आणि आमचा चाळीस गाद्यांचा कापूस बोळात.

जावई दोघेही दुकानातच काम करतात. थोरले माल बघतात (कसा, ते सांगितलं आहे). धाकटे माल पोचवतात. अंगाने काडी, पण डोक्यावर गादी घेऊन जिना असा चढतात की खालून बघणाऱ्याला वाटावं गादीच वर चालली आहे. कोण जास्त लायक, हे सांगणं अवघड. मुलींना मात्र ते अजिबात अवघड वाटलं नाही. त्या दिवसापासून थोरली आणि धाकटी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. सगळा व्यवहार माझ्यामार्फत. एका ताटाएवढं अंतर नाही, पण, "आई, तिला सांग, मीठ सरकव." "आई, तिला म्हणावं, हात आहेत ना देवाने दिलेले." मी मध्ये बसून दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवायची. पाठ दुखत होतीच, आता घसाही.

या गंभीर परिस्थितीत सायकलींचा प्रवेश होतो.

दोन्ही साडूंना डोंगरात सायकल चालवायचा नाद लागलेला आहे. नाद चांगला आहे. त्यामुळे माणूस सुट्टीच्या दिवशी घरात नसतो. दोघांकडे दोन सायकली. दोन्ही 'फुल सस्पेन्शन'. म्हणजे पुढच्या चाकाला धक्के खाणारे दोन दांडे आणि मागच्या चाकाला बसकणीखाली एक जाडजूड शॉकअप. दगड, मूळ, खड्डा, काहीही आलं तरी सायकल ते गिळते आणि वरच्या माणसाला कळू देत नाही. इतकी सोय करून झाल्यावर जिथे माणूस प्रत्यक्ष टेकतो, तिथे भाकरीच्या उलथण्याएवढी एक कडक पट्टी बसवलेली असते. मी विचारलं, "जावईबापू, सगळं मऊ केलंत, मग नेमकं हेच कसं राहिलं?" धाकटे म्हणाले, "आई, त्यावर बसायचं नसतं. उभं राहूनच चालवतात." ज्यावर बसायचं नसतं अशी बैठक लोक विकतात आणि लोक घेतात, हे ऐकून मला धंद्यात आपण किती मागे राहिलो ते समजलं.

थोरल्यांची सायकल लांबडी. पुढचं चाक इतकं पुढे, की ती आरामखुर्चीत पाय पसरून बसल्यासारखी दिसते. धाकट्यांची ठेंगणी, आखूड आणि ताठ. कोणती चांगली यावर त्यांची चर्चा चाले, आणि ती ऐकण्यासारखी असे. ठेंगणी 'खेळकर' आहे. लांबडी 'आत्मविश्वास देते'. ठेंगणी 'वाटेशी बोलते'. लांबडी 'जमीन धरून राहते, पण रागावत नाही'. मुलींची स्थळं बघताना आम्ही या दोघांबद्दल एवढी चौकशी केली नव्हती. (केली असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी कौतुक करते आहे.)

तर एके दिवशी जेवता जेवता थोरल्यांनी भातावरून चमचा नेत नेत सांगितलं, "आई, गादीचा धंदा म्हणजे तरी काय? सस्पेन्शनच."

"म्हणजे?"

"माणसाचं वजन, खाली कठीण जग, आणि मधे आपण."

"बरं."

"तर ज्याला सस्पेन्शन कळतं, त्याने गादीवर बसावं. आणि सस्पेन्शन कोणाला कळतं, ते कोणाची सायकल सरस आहे त्यावरून ठरावं. ट्रेलवर."

ट्रेल म्हणजे पायवाट. पायी चालणारे लोक ती वर्षानुवर्षं चालून तयार करतात. तिच्यावरून सायकल गेली की तिला ट्रेल म्हणतात आणि चालणाऱ्यांनी बाजूला व्हायचं असतं.

थोरल्यांच्या बोलण्यात कुठे चूक आहे, ते मला सापडेना. ज्या बोलण्यात चूक सापडत नाही, ते फार जपून ऐकावं हे मला माहीत आहे. पण त्याच वेळी पाठीत कळ आली आणि मी "आई गं" म्हटलं. ते त्यांनी होकार म्हणून धरलं.

येणेप्रमाणे चाचणीचे नियम करण्यात आले.

पहिला नियम धाकट्यांनी सुचवला. आपली सायकल आपण चालवली, तर माणूस तिचं कौतुकच करणार. म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याची सायकल चालवावी. हा नियम इतका न्यायाचा होता, की थोरल्यांनी ताबडतोब मान डोलावली. मग मला दिसलं, की आता आपली सायकल जिंकवायची, तर दुसऱ्याची होईल तितकी वाईट चालवली पाहिजे. म्हणजे जो जास्त वाईट चालवेल, तो गादीवर बसणार. मी हे बोलून दाखवलं नाही. दोघांचीही तयारी चांगली होती.

दुसरा नियम वजनाचा. थोरले भरलेले, धाकटे काडी. सायकलवर बसलं की सस्पेन्शन ठरावीकच खचलं पाहिजे, जास्त नाही, कमी नाही, असं शास्त्र आहे म्हणे. तेव्हा धाकट्यांचं वजन वाढवणं आलं. भात वाढवून बघितला. मग थोरलीने सुचवलं (माझ्यामार्फत), की त्यांच्या अंगाला एक गादी बांधावी. घरचा माल आहे. मी एक एकेरी गादी घेतली, हातांना भोकं ठेवली, पुढे टाके घातले. धाकटे तिच्यात उभे राहिले, ते बांधलेल्या वळकटीला डोकं फुटल्यासारखे दिसले.

"हे चालणार नाही," थोरले म्हणाले. "गादी आहे म्हटल्यावर पडायची भीती नाही. भीती नाही म्हटल्यावर हा कसाही चालवेल. मलाही गादी पाहिजे."

मागणी रास्त होती. त्यांनाही गादी शिवली, निळ्या दोऱ्याने. आता थोरल्यांचं वजन पुन्हा वाढलं. म्हणून धाकट्यांच्या गादीत आणखी कापूस भरला. त्यावर थोरले म्हणाले, जाड गादीवाल्याला जास्त धीर येणार. शेवटी मी कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, "याच्यापुढे मी तुम्हाला उशांसकट पलंगावरच बसवून पाठवीन." तेव्हा कार्यवाही थांबली. एकूण निष्पत्ती अशी, की वजनातला फरक जसाच्या तसा राहिला, फक्त आता दोघेही गाद्या झाले होते.

सराव म्हणून त्यांनी आठवडाभर गावाबाहेरच्या टेकडीवर चकरा मारल्या. मी खाली स्टुलावर बसून बघायची. आता मला सायकलीतलं काही कळत नाही, पण वजन पडल्यावर वस्तू कशी वागते, हे बघण्यातच माझा जन्म गेला. म्हणून दोन सायकलींच्या चालीचा तुलनात्मक अहवाल सादर करते.

लांबडी म्हणजे नव्या कापसाची जाड गादी. धोंड्यांवरून ती अशी उतरते, जसे धोंडेच उठून बाजूला झाले. जितका वेग जास्त, तितकी शांत. पण वळण आलं की तिला आधी कळवावं लागतं. मग ती विचार करते, मग अर्धी वळते, आणि उरलेलं वळण पुढच्या वळणात घेते. चढावर तिचं पुढचं चाक हवा खात इकडेतिकडे बघत राहतं. जाड गादीचंही हेच: पडलात की सुखात, कूस बदलायची तर घरच्यांना हाक मारा.

ठेंगणी म्हणजे घट्ट भरलेली पातळ गादी. वळण नुसतं मनात आलं की ती वळलेली असते. कधी कधी मनात आलेलं नसतानाही. चढ ती शेळीसारखी चढते. पण धोंडे लागले की प्रत्येकाशी ओळख करून देते: हा मोठा, हा त्याचा भाऊ, हा टोकाचा. पातळ गादीवर निजलं की खालच्या फळीला खिळे किती आहेत, ते जसं न मोजता कळतं.

दोन्ही सायकली आपापल्या जागी उत्तम. हे मी सरावाच्या पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं. पण निकाल लवकर लागला तर चाचणी कशाला म्हणायची, म्हणून कोणी ऐकलं नाही.

मुख्य चाचणीच्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी आम्ही जमलो. मी मध्ये स्टुलावर, उजवीकडे थोरली, डावीकडे धाकटी. फोमवालाही आला होता, म्हणाला, "तुमची काळजी वाटली." मोजपट्टी होतीच.

वरून दोन वळकट्या सुटल्या.

थोरले ठेंगणीवर. ती धोंड्यांवर कशी आपटते, हे जगाला दाखवायचं, म्हणून ते चांगली वाट सोडून एकेका धोंड्याकडे मुद्दाम जात होते. चुकला तर परत फिरून घेत होते. धाकटे लांबडीवर. ती वळत नाही, हे सिद्ध करायचं, म्हणून ते वळत नव्हते. पहिल्या वळणावर झुडपातून गेले, दुसऱ्या वळणावर बाकड्यावर बसलेल्या एका जोडप्याच्या मधून गेले. (जोडप्याचं भांडण चालू होतं, असं नंतर कळलं. मिटलं.) तिसऱ्या वळणावर धाकटे नियमाप्रमाणे वळले नाहीत आणि थोरले, ठेंगणीच्या स्वभावाप्रमाणे, वळायच्या आधीच वळले. दोघांची तिथे भेट झाली.

सायकली एकमेकींच्या गळ्यात पडून काटेरी झुडपात गेल्या. जावई हवेत गेले. धाकट्यांनी कासवासारखे हात आत ओढून घेतले. थोरल्यांनी मात्र हवेत असतानाच दोन्ही तळवे पुढे केले. खाली येण्याआधी जमीन दाबून बघायला.

मग दोन गाद्या उतारावरून गडगडत आमच्या पायाशी येऊन थांबल्या. हालचाल नाही. आतून आवाज नाही.

थोरलीने माझ्या मांडीवरून हात घालून धाकटीचं मनगट धरलं. "अगं, यातला तुझा कुठला आणि माझा कुठला?"

"निळा दोरा तुझा. तू तुझं सोड, मी माझं सोडते. ताई, दातांनी तोड गं, कात्री कुठे आहे आता!"

किती दिवसांनी त्या मला मध्ये न घेता एकमेकींशी बोलल्या होत्या. मी स्टूल जरा मागे घेतलं.

निळा दोरा तुटला आणि आतून थोरले म्हणाले, "कापूस चांगला आहे, आई."

दुसऱ्या गादीतून आवाज आला, "लांबडी वळत नाही, हे लिहून घ्या."

दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही. फक्त थोरल्यांचे दोन्ही तळवे सोलवटून निघाले. फोमवाल्याने खाली बसून दोन्ही गाद्यांचे टाके तपासले, दाबून बघितल्या, आणि "एकही उसवला नाही" हे ज्या आवाजात म्हणाला, त्या आवाजात लोक दुखवट्याला येतात. मोजपट्टी खिशात गेली. पण पूर्ण नाही. टोक बाहेर होतं. कारण निकाल लागला नव्हता. मत घेतलं. धाकट्यांच्या मते ठेंगणी सरस, थोरल्यांच्या मते लांबडी. चाचणीआधीही हेच मत होतं, पण आता त्याला अनुभवाचा आधार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे दुकानात जमले. मी गादीवरून उठून भिंतीला टेकून उभी होते. बसवतच नव्हतं. रिकामी गादी मध्ये, आणि फोमवाला दारात. म्हणाला, "काय ठरलं मग? नाही म्हणजे, भिंत पाडायचे गवंडी उद्यापासून दुसरीकडे जातायत."

आधी धाकटे पुढे झाले. हा मुलगा पूर्वी कधी काही दाबून बघत नसे, पाय दुखले की जिथे असेल तिथे बसायचा. पण इतके दिवस तुलना केल्याचा परिणाम होतोच. त्याने वाकून दोन्ही हातांनी गादी मधोमध दाबली, सोडली, पुन्हा दाबली. "मस्त आहे, आई. दाबली की छान वर येते." आणि उभाच राहिला, कौतुक करत.

मग थोरले आले. दोन्ही हातांना पट्ट्या, एकेक हात उशीएवढा. सवयीने वाकले. हाताकडे बघितलं. गादीकडे बघितलं. कोपराने जमतं का बघितलं. नाही जमलं. शेवटी, मला वाटतं जन्मात पहिल्यांदा, ते न दाबता धपकन बसले.

आणि उजवीकडे कलले.

"आई," ते म्हणाले, "इथे खड्डा आहे."

"काहीतरीच काय."

"नाही, खरंच. उजवीकडे. बसलं की माणूस गल्ल्याकडे ओढला जातो. पाठ दुखेल हो इथे बसून कोणाचीही."

धाकटीने तेवढ्यात दुसरीकडे बघून पदर तोंडाला लावला. तशी ही गादी आजवर सगळ्यांनी बघितली होती. गिऱ्हाइकांनी, फोमवाल्याने, आता धाकट्या जावयांनी. पण दाबणारा मधोमधच दाबतो. खड्डा मधोमध कधीच नसतो. आणि बसणाऱ्याला खड्डा कळत नाही, कारण तो हळूहळू त्या खड्ड्याच्या मापाचा होतो. (याला दोष म्हणत नाहीत. निष्ठा म्हणतात.)

"अहो, उठा ना तिथून," थोरली कुजबुजली. "आईची जागा आहे ती."

थोरले उठायला लागले, पण हात टेकवता येईनात. "उठता येत नाहीये," ते म्हणाले.

आता निकाल सांगायचा. पण मला दिसतंय, वाचणारे तुम्ही अजून थांबलेले आहात. गादीचं ठीक आहे हो, पण सायकल कोणती घ्यावी, लांबडी का ठेंगणी? एवढा अहवाल वाचलात, दोन्ही सायकली डोळ्यांनी दाबून झाल्या, आता तिसरीबद्दल कुठे लिहून आलंय का ते शोधाल, मग चौथी. टेकडी तुमच्या घरामागेच असेल. वर गेलायत कधी? नसाल, तर दुकानात या. तुमच्यासाठी एक गादी शिवून ठेवते. हाताला भोकं ठेवणार नाही.

मी फोमवाल्याला म्हटलं, "गवंड्यांना दुसरीकडे जाऊ द्या." धाकट्यांना म्हटलं, "तुम्ही गाद्या पोचवायचं काम सोडायचं नाही, आणि हात खिशात." मग गल्ल्याची किल्ली काढून थोरल्यांच्या दोन उशांच्या मध्ये ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं,

"जावईबापू, उठू नका. गादी तुमची. खड्डा मी आज दुपारी भरून देते, पण त्या पट्ट्या सोडायची एवढी घाई करू नका."